वू बाईंची हजेरी

अल कुसैस, दुबई
१५ जून २०२५

ती. शोभनाआत्यास,
मुग्धाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आंब्याची शेवटची पेटी शेजारच्या शहनाझभाभींनी परवा पोचवली. रत्नागिरीहून निघताना बॅगेत जागा नव्हती, म्हणून बदरुद्दीनभाईंचे दोन शर्ट त्यांनी मागे ठेवले म्हणे. तू फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहितेस, पण खरं सांगू, मला तेच बरं वाटतं. चारुदत्त अजून रुवैसलाच आहेत, रिफायनरीचं शटडाऊन चाललंय, आठवड्यातून दीड दिवस घरी. वरदने आंबे पाहिले आणि म्हणाला, मम्मा, धिस इज सिरियस. तेवढंच बोलला, पुढचा अर्धा तास तोंड रिकामं नव्हतं.

तू विचारलं होतंस, की मी नोकरी करते ती चिनी शाळा म्हणजे नेमकं काय. अगं, इथे व्यापाराला आलेल्या चिनी लोकांची मुलं आठवडाभर इंग्रजी शाळेत जातात आणि घरची लिपी विसरतात. त्यांच्यासाठी दर शनिवारी भरणारी ही शाळा. नाव शिनया, म्हणजे नवा कोंब. वीस वर्षांपूर्वी वू लाओशींनी दुबईच्या देरा भागातल्या आपल्या घराच्या हॉलमध्ये सहा मुलं घेऊन ती काढली. लाओशी म्हणजे आपल्याकडचं बाई. आता एकशे ऐंशी मुलं आहेत, भाड्याच्या इमारतीत अकरा वर्ग भरतात, आणि ऑफिसात मी एकटी भारतीय. फी, बस, किल्ल्या, रडणारी मुलं, सगळं माझ्याकडे. वेळ मिळाला की पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मीही चार अक्षरं शिकले.

आता वाईट बातमी. काल पहिलीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता वू बाई कोसळल्या. मेंदूत गुठळी. वेळेत हॉस्पिटलला नेलं म्हणून जीव वाचला. उजवा हात लुळा पडलाय आणि शब्द गेलेत. समजतं सगळं, पण बोलायला गेल्या की एकच शब्द निघतो, मिंगथिएन. म्हणजे उद्या. त्यांच्या मुलीने, मेईने विचारलं पाणी हवं का, तर उद्या. दुखतंय का, तर उद्या. अडुसष्ट वर्षांची बाई, अख्खा जन्म बोलण्यात गेला, आणि आता स्वतःच्याच शब्दावर चिडून उशीवर हात आपटतात.

बावीस नोव्हेंबरला शाळेचा विसावा वर्धापनदिन आहे. त्यांचं भाषण ठरलं होतं. आत्या, तू एकतीस वर्षं पहिली शिकवलीस. काही सुचलं तर लिही.

वरदचा नमस्कार. तुझी माया अशीच समुद्र ओलांडून येत राहो.
तुझी मुग्धा

*

रत्नागिरी
१० जुलै २०२५

चि. सौ. मुग्धास,
अ. उ. आ.

पत्र वाचून दिवसभर हाताला काम सुचलं नाही. त्या वू बाईंना मी पाहिलेलं नाही, पण फळ्यासमोर पडल्या म्हणजे आमच्याच जातकुळीतल्या.

आधी तुला दोन शब्द सुनावते. पत्रात तू ‘कोसळल्या’मधला ळ असा काढलास की तो ल वाटतो. चिनी अक्षरं शिक, जरूर शिक, पण वरदची आई मराठी विसरायला लागली तर मी पुढच्या पत्राला लाल शाईने उत्तर देईन.

आता कामाचं. माझ्या सासूबाईंना असाच झटका आला होता. तुझं लग्नही झालं नव्हतं तेव्हा. पाणी मागता येत नव्हतं, मला हाक मारता येत नव्हती. पण संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला, मी स्तोत्राची पहिली ओळ म्हटली आणि त्यांनी पुढचं सगळं खडखडीत म्हटलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी घाबरून हातातली काडेपेटी टाकली. मग पाढे म्हणवून घेतले, तेही आले. विचार करून बोलायचं ते गेलं होतं, घोकून घोकून अंगात मुरलेलं तेवढं शाबूत होतं. तिथून वाट धरली आणि सहा महिन्यांत त्या मला नावं ठेवण्याइतपत बोलायला लागल्या.

मी डॉक्टर नव्हे. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचार. ते हो म्हणाले तर प्रश्न विचारणं बंद करा. पाणी हवं का, भूक लागली का, हे विचारून विचारून तुम्ही तिला रोज नापास करताय. तिच्याबरोबर आकडे म्हणा, बालगीतं म्हणा. सुरुवात तुम्ही करा आणि मध्येच गप्प बसा. शिक्षकाला अर्धवट सोडलेलं बघवत नाही.

चारुदत्तरावांना आशीर्वाद. वरदचं एक पान मराठीतून यावं, चुका असल्या तरी चालतील.
म्हातारीवरचा जीव कमी करू नकोस.
आत्या

*

अल कुसैस
२९ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

‘कोसळल्या’ शंभर वेळा लिहिला. सोबत कागद जोडलाय, तपास.

डॉक्टर म्हणाले, तुमच्या आत्या बरोबर सांगतात, आमच्याकडे गाण्यातून बोलणं आणायची रीतसर पद्धत आहे. स्पीच थेरपिस्ट येते. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही रोज अकराला त्यांच्या घरी जात होते. पहिल्या दिवशी मी बोटांवर यी, अर म्हटलं आणि तू सांगितलंस तशी गप्प बसले. वू बाई माझ्याकडे बघत राहिल्या. माझा दुसऱ्या आकड्याचा उच्चार नेहमी चुकतो. त्यांनी कपाळाला आठी घातली, अर नीट म्हणून दाखवला आणि तशाच पुढे गेल्या. सान, स्स, वू, थेट दहापर्यंत! स्वयंपाकघरातून मेई धावत आली. तिच्या हाताला पीठ होतं, तसेच हात तिने आईच्या गालांना लावले. दोघी पांढऱ्या झाल्या आणि रडायला लागल्या. मीही.

त्यानंतर दोन बालगीतं आली, आठवड्याचे वार आले. पण साधं बोलायला गेल्या की अजून ‘उद्या’च निघतो. फरक इतकाच, की आता त्या चिडत नाहीत. कधी कधी हसतात.

काल कमिटीची मीटिंग झाली. अध्यक्ष मिस्टर छाओ टाइल्सचे मोठे व्यापारी आहेत, वाईट माणूस नाही. त्यांचं म्हणणं असं, की वू बाईंचं जुनं भाषण पडद्यावर दाखवू. बाई व्हीलचेअरमधून येतील, शाल देऊ, फुलं देऊ, खलास. सहाशे माणसांसमोर त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही तर लोक वीस वर्षांचं काम विसरतील आणि तेवढंच लक्षात ठेवतील. मेईलाही ते पटलं. मी पडले ऑफिस स्टाफ, नोंदवही लिहीत बसले. घरी येताना लिफ्टमध्ये मात्र रडू आवरलं नाही. शहनाझभाभी सोबत होत्या. त्यांनी काही न विचारता मला त्यांच्या घरी नेलं आणि चहा दिला.

आत्या, भाषण त्यांना जमणार नाही हे मलाही कळतं. पण नुसतं फुलांमागे बसवायचं?

वरदने लिहिलेलं पान जोडते. ‘आंबे संपले म्हणून मी दुखी आहे’ हे वाक्य त्याचं स्वतःचं.
हक्काने रागव, पण पत्र लांबवू नकोस.
मुग्धा

*

रत्नागिरी
२२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. मुग्धास,
अ. उ. आ.

वरदला सांग, दुःखी विसर्गाशिवाय पुरतं होत नाही.

मी रिटायर झाले तेव्हा मलाही फुलांमागे बसवलं होतं. अकरा जण बोलले. मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. बाई, तुम्हाला काय करावंसं वाटतंय, असं एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मला एकदा वर्गात सोडा, मला हजेरी घ्यायचीय.

काल अंथरुणात पडल्या पडल्या सहज म्हणून पाहिलं. एक्याण्णव सालची पहिली ब. आंबेरकर, काझी, खेडेकर, जोगळेकर, पावसकर, मुकादम, सगळे बेचाळीस आले. मध्ये थांबले असते तर कोण कुठलं आठवलं नसतं, पण एकामागून एक आले. आकडे आणि गाणी तर जगातल्या सगळ्यांनाच येतात. हजेरी ज्या त्या बाईची स्वतःची असते.

तुमच्या शाळेची जुनी वही सापडते का बघ. पण एक बजावून सांगते. वही तिच्यासमोर ठेव आणि तिला विचार. तिने नको म्हटलं तर शाल गुंडाळून गप्प घरी ये. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तिला स्टेजवर चढवू नकोस. आणि हो म्हटलं, तर मग कोणाच्या बापाला भिऊ नकोस.

प्रकृतीला जप. तुझ्या पत्राची वाट पाहणारं इथे एक माणूस आहे, एवढं असू दे मनात.
आत्या

*

अल कुसैस
३० नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
मुग्धाचा शि. सा. न. वि. वि.

शहनाझभाभी नॅशनल डेच्या सुट्टीत निघतायत, त्यांच्याबरोबर हे पाठवतेय. सावकाश वाच. आधी चहा करून घे.

वही सापडली. स्टोअररूममध्ये, फाटक्या कंदिलांच्या खोक्याखाली. दोन हजार पाच सालापासूनची, पहिल्या पानावर सहा नावं. ती वू बाईंच्या मांडीवर ठेवली आणि तू बजावलंस तसं विचारलं, की समारंभात हजेरी घ्याल का? नको असेल तर वही मिटा. त्यांनी सहाही नावांवरून बोट फिरवलं. मग डाव्या हाताने वही उचलून छातीशी धरली. मेईला मी म्हटलं, आता तूच बघ. तिने आईजवळ खुर्ची ओढली.

पहिलं नाव यायला तीन दिवस लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस सहाही यायला लागली, पण ओळीनेच. मधलं एखादं विचारलं की गाडी रुळावरून घसरे. मिस्टर छाओंना मी ऑफिसात जाऊन सरळ सांगितलं, वू बाईंची इच्छा आहे आणि मी त्यांच्या बाजूने आहे. ते म्हणाले, काही झालं तर जबाबदारी कोणाची? मी म्हटलं माझी. म्हटलं खरं, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग ती सहा मुलं शोधली. मुलं कसली, सव्विसाव्या वर्षातली माणसं! लिन हाओचं शारजात हॉटेल आहे, एक जण अबू धाबीत इंजिनिअर. एक शांघायला होती, दुसरी सिंगापूरला. कोणाची आई सापडली, कोणाचा जुना ईमेल. सगळ्यांना एवढंच कळवलं, की वू लाओशी बावीस तारखेला हजेरी घेणार आहेत. सहाही जण आले. शांघायची हुआंग मिन तर विमानतळावरून थेट बॅग ओढत हॉलमध्ये शिरली.

हॉल खचाखच भरला होता. चारुदत्त सुट्टी काढून आले होते, वरद माझ्या शेजारी. सिंहाचा नाच झाला, गाणी झाली, पाहुणे बोलले. मग मेईने आईला स्टेजवर आणलं. व्हीलचेअर नाही, काठी टेकत. टेबलावर वही, समोर माईक. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. वू बाईंनी हाताने खाली बसा अशी खूण केली आणि सहाशे माणसं पहिलीच्या पोरांसारखी मुकाट बसली.

त्यांनी पहिलं नाव घेतलं, लिन हाओ. मागून एक दाढीवाला उभा राहिला आणि ओरडला, दाओ! दाओ म्हणजे हजर. दुसरं नाव, दाओ. तिसरं नाव, दाओ. चौथ्याला त्या अडकल्या.

ओठ हलत होते, आवाज नव्हता. चौथी हुआंग मिन. ती तोंडावर हात दाबून खुर्चीच्या कडेवर बसलेली, पण नाव पुकारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही हे तिला वीस वर्षांपूर्वी शिकवलेलं. बाईंच्या तोंडून निघालं, मिंगथिएन. उद्या. पुढच्या रांगेत कोणीतरी हुंदका दिला. मिस्टर छाओ माईककडे जायला उठले. मीही उठायला लागले. वरदने माझा हात धरला आणि कुजबुजला, वेट, मम्मा, शी इज नॉट डन.

वू बाईंनी छाओंकडे असं पाहिलं, की ते अर्ध्या वाटेत थांबले. मग बाईंनी डाव्या तळहाताने टेबलावर थाप मारली. वर्गात गोंगाट झाला की मारायच्या ना, अगदी तशी. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. लिन हाओ, दाओ. दुसरं, तिसरं. आणि त्याच वेगात, न थांबता, हुआंग मिन! ती पोरगी दाओ म्हणाली की किंचाळली कोण जाणे. पाचवं, सहावं. झालं! मी टाळ्यांसाठी हात उचलले.

पण बाई थांबल्या नाहीत. त्यांनी पान उलटलं.

दुसऱ्या वर्षाची हजेरी. ती आम्ही एकदाही घोकली नव्हती. मी मेईकडे पाहिलं, ती माझ्याकडे. नावं येत होती आणि हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यातून माणसं उभी राहत होती. कोणाच्या कडेवर मूल, कोणी दाराशी प्लेट घेऊन. एक नाव आलं, त्याला उत्तर नाही. तो मुलगा आता कॅनडात असतो. तेवढ्यात मिस्टर छाओच उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, दाओ. पुढच्या गैरहजर नावाला अख्ख्या हॉलने उत्तर दिलं. चारुदत्तांनी आणि वरदनेसुद्धा. एकोणीस नावं झाली, एकही चुकलं नाही. वू बाईंनी वही मिटली, घाम पुसला आणि सगळ्यांकडे बघून स्वच्छ म्हणाल्या, बसा.

हा शब्द जूनपासून त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता.

त्यानंतर काय झालं ते मला धड सांगता यायचं नाही. लोक रडत होते, हसत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. त्या सगळ्यांना मी तुझं नाव सांगितलं, की रत्नागिरीच्या एका बाईंनी ही युक्ती दिली. मेईने तुझ्यासाठी रेशमी पंखा दिलाय, भाभींच्या बॅगेत आहे.

आणि कालची गोष्ट. शनिवार होता. मी पहिलीच्या वर्गात बदली शिक्षिकेसाठी खडू ठेवत होते, तेवढ्यात काठीचा आवाज आला. वू बाई. कोणाला न सांगता टॅक्सीने एकट्या आल्या होत्या. खुर्चीवर बसल्या आणि माझ्या हातून यंदाची हजेरीवही ओढून घेतली. एकतीस नवीन पोरं. एकाचंही नाव त्यांना येत नाही. प्रत्येक जण जवळ येऊन आपलं नाव सांगायचा, बाई ते तीन-तीनदा म्हणून बघायच्या. काही जमली, काही नाही. एका पोराने त्यांना चुकीचा उच्चार सुधारून दिला, तर त्याच्या पाठीवर शाबासकी!

मी दाराशी उभी राहून बघत होते. वू बाईंनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने खूण केली. बाहेर हो, तास सुरू झालाय.

आनंदात आहे गं. तुझा हात डोक्यावर आहे तोवर अशीच राहीन.
तुझी मुग्धा