खोली नंबर तीन

अप्पा, मिरजोळ्याच्या ज्या शीतगृहात तुम्ही मासळीच्या नोंदी ठेवायचात, तिथलाच कॉम्प्युटर आता मी सांभाळते. या आठवड्यात आमचा डेटाबेस नव्या व्हर्जनवर न्यायचा होता. आधी चाचणी केली. पेट्या बरोबर, वजनं बरोबर, पण इतक्या वर्षांच्या प्रत्येक नोंदीपुढे नाव माझं आणि तारीख आजची! आमचे सुपरवायझर तर खुललेच. "राहू दे गो तसंच. ती पापलेटं उन्हात ठेवल्याची नोंद माझ्या नावावर होती." साहेबांना काय, माल दिसला म्हणजे झालं.

मला मात्र ती मे महिन्याची सुट्टी आठवली. तुमच्या रजिस्टरला वाळवी लागली होती, म्हणून तुम्ही मला ते नव्या वहीत उतरवायला दिलंत. मी पडवीत बसून टपोऱ्या अक्षरात लिहितेय आणि ऐटीत प्रत्येक ओळीपुढे लिहितेय त्याच दिवसाची तारीख अन् माझी सही ठोकतेय. तुम्ही चष्मा कपाळावरून खाली घेता, पानं उलटता. "एवढी सगळी मासळी आज तू एकटीनंच उतरवलीस काय गो?" स्वयंपाकघरातून आईचं हसू ऐकू येतं, मला रडू फुटतं. "मासा नासला की वजन कोण विचारत नाय. कधी आला, कोणी घेतला, ते विचारतात." सगळं पुन्हा लिहायला लावलंत. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

तर साहेबांकडून दोन दिवस मागून घेतले. माझं नाव आणि आजची तारीख आपोआप उमटवणारी सोय नोंदींची नक्कल होईपर्यंत बंद ठेवली, जुनी नावं आणि वेळा जशाच्या तशा नेल्या, मग ती पुन्हा चालू केली. सुपरवायझर आता माझ्याशी बोलत नाहीत. तपासताना तुमची शेवटची नोंद समोर आली, कॉम्प्युटरला शिव्या घालत एका बोटानं टाइप केलेली. तुमचं नाव, दुपारचे सव्वातीन, सुरमई, खोली नंबर तीन. अप्पा, आपल्याकडे खोल्या दोनच आहेत. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कामावर आलाच नाहीत, म्हणून ती चूक तशीच राहिली.

दुरुस्तीला एक मिनिट पुरेल. पण मग 'शेवटचा बदल' याच्यापुढे तुमचं नाव जाऊन माझं येईल. तुम्ही असतात तर आधी चूक सुधार म्हणाला असतात, म्हणून हे पत्र तुम्हाला पोचणार नाही तेच बरं. तपासनीस आले, की तिसऱ्या खोलीचं रंगकाम काढलंय, असं मी बेधडक सांगणार आहे.