दुधीच्या मांडवावरची चप्पल

अहो,

मी आईकडं ऱ्हायला चाललीया. भाकरी दुरडीत हाय, त्यातली पहिली कुत्र्याला घाला. त्यानं तुमची एक चप्पल पळवली म्हणालात, म्हणून बिचाऱ्यानं माझा मार खाल्ला.

ती चप्पल शेजारच्या पूनमच्या परसात हाय. वेलाला दृष्ट लागू नये म्हणून तिनं दुधीच्या मांडवाला टांगलीया. त्या चपलेचा अंगठा मीच शिवला व्हता, मला वळखायची न्हाई व्हय? तिच्या दुधीवर जळणारी गावात मी एकटीच, म्हंजी माझ्याच नजरेला तुमची चप्पल!

आपला वेल तर वाळला. उरलेली चप्पल मी घराच्या दाराला टांगलीया, काढू नका. पूनमची नजर लागंल असं आता माझ्याकडं तुम्हीच राहिलाय.