आईचे अकरा दात

मकाव,
१० फेब्रुवारी १९७४

चि. हेई यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण, आईचे दात. काल तिला दाताच्या डॉक्टरकडे नेलं होतं. वर चार आणि खाली सात असे अकरा उरलेत. ते सगळेच कुजले आहेत, तेव्हा अठरा मार्चला एकाच बैठकीत काढायचे असं ठरलं. नंतर कवळी. मला वाटलं, आई घाबरेल. पण घरी येऊन ती खिडकीशी बसली आणि मला म्हणाली की हेईला लिही, अठरा मार्चच्या आत लग्न कर म्हणावं.

मी विचारलं, तुझ्या दातांचा आणि त्याच्या लग्नाचा काय संबंध. त्यावर तिने जे सांगितलं ते मला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हतं, तर तुला कुठून असणार. तू सहा वर्षांचा असताना घसा धरून बारा दिवस पडला होतास. मला चांगलं आठवतं, कारण त्या बारा दिवसांत मला कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नाही. त्या वेळी आईने कूनयाम देवीला नवस केला, की पोर वाचू दे, त्याचं लग्न होईपर्यंत मी बीफ तोंडात घालणार नाही. मुलगा सहाचा आहे, पंधरा-सोळा वर्षं काय बघता बघता जातील, असा तिचा अंदाज. त्याची पस्तीस झाली.

आपण समजत होतो, ती देवीची भक्त म्हणून खात नाही. भक्त ती आहेच रे, पण त्याहून जास्त ती परतलेल्या बीफ-नूडल्सची भक्त आहे. बाबा असताना तिच्या कढईचा वास जिन्यात गेला की वरचे भाडेकरू काहीतरी उसनं मागायला म्हणून खाली यायचे. नवसानंतरही ती आपल्यासाठी दर रविवारी करायचीच, आणि स्वतः भात आणि खारा मासा घेऊन बसायची. परतता परतता तुला हाक मारायची, मीठ बघ म्हणून. मला वाटायचं, तू लाडोबा म्हणून तुला चाखायला देते. आता कळलं की तिला स्वतःला चाखता येत नव्हतं. आणि तू मेल्या, दर वेळी थोडं कमी आहे म्हणायचास.

तिचं म्हणणं एवढंच आहे, की कवळीने चावायचं असेल तर मला पेज चालेल, पण एकदा, एकदाच, मला माझ्या दातांनी बीफ चावायचंय. हे सांगताना तिचे डोळे भरून आले आणि मला हसू आलं. मग मलाही रडू आलं.

सोबत उदबत्तीवाल्या फोंग यांच्या मुलीचा फोटो पाठवते. चौतीस वर्षांची आहे, स्वभावाने शांत. फोटोत डावा डोळा मिटलाय, एरवी उघडा असतो.

आणि हो, नव्या वर्षाला आलास तेव्हा माझ्या मुलींना पैशांची लाल पाकिटं दिलीस. ती लग्न झालेल्यांनी द्यायची असतात, तुझ्यासारख्यांनी घ्यायची. एक्केचाळिसाव्या वर्षी घ्यायची लाज वाटली असेल, म्हणून मी आईपुढे काही बोलले नाही.

ह्यांचे आशीर्वाद. माझा लोभ आहेच, अठरा मार्चनंतर किती राहील ते सांगता येत नाही.

तुझी,
ताई


हाँगकाँग,
१७ फेब्रुवारी १९७४

ति. ताईस हेईचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र दुकानात आलं. गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडून ठेवलं होतं, ते दुपारपर्यंत तसंच राहिलं. मालक दोनदा खाकरले. ताई, मीठ कमी आहे असं मी मुद्दाम म्हणायचो. तसं म्हटलं की आई सोया सॉसचे चार थेंब टाकून पुन्हा एक घास द्यायची. मीठ नेहमीच बरोबर असायचं. तिला आपल्या जिभेने ते कळायचं नाही, हे ठाऊक असतं तर मी असं केलं नसतं. आता हे लिहितानाही कान गरम झाले आहेत.

पण लग्न म्हणजे घड्याळाची काच नव्हे, गिऱ्हाईक उभं असताना बसवून द्यायला. फोंगबाईंचा फोटो परत पाठवत आहे. त्यांचा दुसरा डोळा पाहण्याची माझी योग्यता नाही. त्यापेक्षा आईने देवळात जाऊन देवीला कौल लावावा आणि नवसातून मोकळं होण्याची परवानगी मागावी. पस्तीस वर्षं पुष्कळ झाली. देवी काही हट्टी नाही.

परवानगी मिळाली तर मी स्वतः येऊन आईला करून घालीन. हसू नकोस. मी सराव करतो आहे. इथल्या स्वयंपाकघरात एका वेळी दीड माणूस उभा राहतो, पण गॅस चांगला आहे. मांस मांडीच्या आतल्या बाजूचं घ्यावं, खांद्याचं कधी घेऊ नये. धाग्यांना आडवं कापावं, धाग्याच्या दिशेने कापलं की चामडं चावल्यासारखं होतं. मग सोया सॉस, चिमूटभर साखर, थोडं कॉर्नफ्लॉवर आणि शेवटी तेल चोळून वीस मिनिटं ठेवायचं. कढईतून धूर निघाल्याशिवाय मांस टाकायचं नाही. चाळीस सेकंदांत बाहेर काढायचं, हे मी घड्याळ लावून बघतो. मग मोड आलेले मूग आणि पातीचा कांदा, मग तांदळाचे रुंद नूडल्स, आणि मांस पुन्हा आत. नूडल्स उलथन्याने ढवळले की तुटतात, म्हणून काड्यांनी उचलत राहायचं. माझे अजून तुटतात. परवा तर लापशी झाली होती, पण मांसाला नाव ठेवायला जागा नव्हती.

दाजींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद. रागावलीस तरी लोभ राहू दे. मला तो कमी पडला तर बदली दुसरा मिळत नाही.

तुझा,
हेई


मकाव,
२४ फेब्रुवारी १९७४

चि. हेई यास आशीर्वाद. कमी दिलेत, कारण पुढे वाचून कळेल.

परवा आईला घेऊन देवळात गेले. तिने सकाळी न्हाऊन, ठेवणीतला निळा झगा घालून, संत्री वाहून कौल लावला. तुला रीत ठाऊक आहे. लाकडाच्या दोन फाका टाकल्या आणि एक उपडी, एक उताणी पडली तर देवीचा होकार. दोन्ही उपड्या पडल्या तर नकार. आईने देवीला विचारलं की मला नवसातून मोकळं करतेस का. दोन्ही उताण्या पडल्या, म्हणजे देवी हसली. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही तेच. देवळातल्या म्हातारीने सांगितलं की आधीच मिळालेली गोष्ट कुणी मागायला आलं की देवी अशी हसते. आईने तिला चांगलंच सुनावलं, की मला काय मिळालंय ते तू सांग, पस्तीस वर्षं खारा मासा तेवढा मिळालाय. घरी आल्यावर म्हणाली की कूनयामने माझी थट्टा करावी असं मी काय केलं होतं.

ती दोन दिवस धड जेवलेली नाही. आरशात बघून दात मोजते. काल अकरा भरले म्हणून मला बोलावून दाखवले.

आता तुझ्याकडे वळते. नव्या वर्षाला तुला संत्रं सोलून मी दिलं. तुला कोंबडी आणि बदक यांतला फरक ताटात आल्यावरही कळत नाही. तो तू मला बैलाच्या मांडीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू शिकवायला लागलास. आणि एवढं चांगलं मांस तुला देतं कोण? तुझ्या पत्राच्या मागच्या बाजूला बोटाचा तेलकट ठसा आहे, तो तुझ्या बोटापेक्षा मोठा आहे. हे मी ह्यांना दाखवलं. हे म्हणाले की बाईचा असेल तर बाई भक्कम आहे.

मग रात्रभर मला ती लाल पाकिटं आठवत राहिली. पाकीट देताना तू दोन्ही हातांनी, व्यवस्थित मान लववून दिलंस. ज्याला लाज वाटते तो असं देत नाही. हेई, मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे आणि लहानपणी तुझं नाक पुसलेलं आहे. काय असेल ते सरळ लिही.

उत्तर आल्यावर लोभाचं बघू.

ताई


हाँगकाँग,
२ मार्च १९७४

ति. ताईस शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. वाचून झालं की फाड.

माझं लग्न झालेलं आहे. गेल्या ऑगस्टमध्ये, सरकारी कचेरीत, दोन साक्षीदारांपुढे. तिचं नाव कॅम-मुई. वय अडतीस. वडिलांचा हात लुळा पडल्यापासून बाजारातला त्यांचा गाळा तीच चालवते. गाळा बीफचा आहे. ती खाटकीण आहे, ताई. अख्खी मांडी खांद्यावरून आणते आणि माझी छत्रीसुद्धा तीच उघडते, कारण माझ्याने उघडत नाही.

ओळख घड्याळामुळे झाली. तिच्या घड्याळात चरबी जाऊन ते बंद पडलं होतं. मी साफ करून दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा बंद पडलं. असं सात वेळा झाल्यावर तिनेच सांगितलं की पहिल्या दोन वेळा चरबी आपोआप गेली होती, पुढच्या पाच वेळा तिने घातली.

आईला सांगायचं म्हणून मी दर खेपेला बोटीत वाक्य जुळवायचो आणि धक्क्यावर उतरलो की गिळायचो. मला वाटायचं, आई देवीसाठी बीफ सोडून बसली आहे. जिने पस्तीस वर्षं ते मांस तोंडात घेतलं नाही, तिच्या दारात ते रोज कापणारी सून कशी उभी करू? म्हटलं नव्या वर्षाला सांगू. तेव्हाही जमलं नाही. पाकिटं मात्र कॅम-मुईने भरून दिली होती. तोंडाने सांगणं होत नसेल तर निदान लग्न झालेल्या माणसासारखा वाग, असं तिने बजावलं होतं.

मग तुझं नवसाचं पत्र आलं. ताई, म्हणजे आई ऑगस्टपासून मोकळी होती. नव्या वर्षाला ती खारा मासा खात होती आणि मी तिच्या शेजारी बसून होतो. मी भ्याड आहे, दुसरं काही नाही. पत्र आलं त्याच दिवशी लिहायला हवं होतं, तर मी तुला कौल लावायला पाठवलं. हे सगळं काल कॅम-मुईला सांगितलं. ती म्हणाली की मला आधी कळलं असतं तर मांडी खांद्यावर घेऊन मी पोहत मकाव गाठलं असतं. आईला खाटकीण नको असेल तर मासे विकते म्हणून सांग, असंही ती म्हणते. पण तिचा चेहरा बघून मला ते सांगवणार नाही.

अठरा तारीख जवळ आली आहे. मी काय करू ते तू ठरव. लोभ ठेव असं म्हणायचं मला तोंड नाही, तरी ठेव.

तुझा,
हेई


मकाव,
७ मार्च १९७४

चि. हेई,

पत्र आलं तेव्हा मी बाजारात होते. आईला दम निघाला नाही. तिने तळमजल्यावरच्या गुरुजींना जिन्यातच थांबवून ते वाचायला लावलं. गुरुजींना कमी ऐकू येतं म्हणून ते मोठ्याने वाचतात. त्यामुळे तुझं लग्न आता सगळ्या गल्लीला कळलेलं आहे, आणि चरबीचा भाग तिसऱ्या मजल्यावरच्यांनी दुसऱ्यांदा वाचून घेतला. खालचा मजकूर आई सांगते आहे, मी फक्त लिहिते आहे. – ताई

चि. हेई यास आईचा आशीर्वाद, आणि समोर असतास तर दुसरंही काही दिलं असतं.

सात महिने. मी बोटांवर मोजले. सात महिन्यांचे रविवार किती होतात ते तुझ्या ताईने मोजले, तीस होतात. तीस रविवार तू मला उपाशी ठेवलंस. देवी का हसली ते आता मला कळलं. सकाळी जाऊन तिचे पाय धरून आले आणि त्या म्हातारीलाही संत्री दिली.

सून खाटकीण आहे म्हणून मी रागावेन असं तुला कुणी सांगितलं? देवीला मी माझं तोंड बांधून दिलं होतं, दुसऱ्याची सुरी नाही. पस्तीस वर्षं मी बाजारात बीफच्या गाळ्यासमोरून मान खाली घालून गेले. आता माझ्याच घरात गाळा आला. मासे विकते म्हणून सांगायचं नाही. कुणालाही नाही. तिला सांग, माझं वाकडं बोलणं तिला ऐकून घ्यावं लागेल, पण ह्या कारणावरून नाही.

सोळा तारखेला शनिवार आहे. सकाळच्या बोटीने दोघं या. मांस तिने निवडायचं, कापायचंही तिनेच. नूडल्स इथे मिळतात, त्या दिवशीचे ताजे घेऊ. परतायचं तू. लापशी झाली तर झाली. मी वाचवलेल्या पोराच्या हातचं मला खायचंय. मांस मऊ करायला सोडा बिडा काही घालू नका, माझे अकराच्या अकरा दात अजून जागेवर आहेत.

लोभ तुझ्यावर सहाव्या वर्षापासून गहाण आहे, तो कुठे जातोय.

आई


मकाव,
२० मार्च १९७४

चि. हेई व सौ. कॅम-मुई यांस ताईचे अनेक आशीर्वाद.

आईचे दात परवा निघाले. तिने हूं की चूं केलं नाही. डॉक्टरांनी ते टाकून द्यायला घेतले तेव्हा तिने रुमाल पुढे केला आणि अकराही मागून घेतले. ह्यांनी विचारलं की हे कशाला. बोलता येत नव्हतं, म्हणून तिने नुसती पोटावरून हात फिरवून दाखवला. सध्या पेज आणि अंड्याचं वाफवलेलं चालू आहे. कॅम-मुई, तू ठेवून गेलेली सुरी तिने देव्हाऱ्याशेजारी टांगली आहे. घरात कुणी हात लावायचा नाही असा हुकूम आहे. उदबत्तीवाल्या फोंगबाईंनी आपला फोटो माझ्याकडून परत मागवला, म्हणजे त्यांचंही कुठेतरी जमलं.

मुली रोज नूडल्स मागतात. मी केले तर तोंड वाकडं करतात, मामासारखे तुटलेले नाहीत म्हणून.

हेई, एक गोष्ट तुला सांगायची आहे, कारण त्यातलं शेवटचं बोलणं झालं तेव्हा तू तिथे नव्हतास. शनिवारी आईने पहिला घास घेतला, डोळे मिटून किती वेळ चावत राहिली, आणि मग मीठ थोडं कमी आहे म्हणाली. तुझा चेहरा पडला. तू सोया सॉसची बाटली आणायला आत पळालास. मी माझ्या बशीतलं चाखून बघितलं तर मीठ अगदी बरोबर होतं. मी आईला तसं म्हटलं. ती म्हणाली की मला ठाऊक आहे. मग कमी का म्हणालीस, असं मी विचारलं. तर तू परत येशील त्या बाजूला बशी सरकवत ती म्हणाली की तोही कमी आहे म्हणायचा तेव्हा बरोबरच असायचं, नाहीतर मी नुसते चार थेंब टाकून दुसरा घास दिला असता का.

येत्या रविवारी या. तिला अजून चावता येणार नाही, पण मीठ बघायचंय म्हणते.

तुमची,
ताई