एकशे चार वर्षांचे भगवंतराव

४ जानेवारी, शनिवार
ईशाला पुण्याच्या लॅबमध्ये नोकरी. सोमवारी तेराला निघणार. म्हणाली, लग्न करून बरोबर येतोस की नाही, रविवारपर्यंत सांग. चार वर्षं थांबले, आता बास. मी म्हटलं, एवढी जल्दी कायको? आमच्यात लोक शंभरी गाठतात. पुरावा आहे, ट्रंकेत सापडला. पणजोबांचं नोकरीचं पुस्तक: भगवंत गोविंद, जन्म १८९२. मृत्यूचा दाखला: भगवंत गोविंद, १९९६. एकशे चार! मी सत्तावीस. या हिशेबाने माझे अजून दुधाचे दात.

६ जानेवारी
ईशा म्हणते, आयुष्यात जीन्सचा वाटा फार तर पाव, बाकी माणूस कसा जगतो त्यावर. म्हटलं, पाव तर पाव, एकशे चारचा आहे. म्हणाली, हौ, आणि उरलेला पाऊण खाटेवर लोळतोय. शिकलेल्या मुलींची हीच पंचाईत.
निश्चय: उद्यापासून पहाटे फिरायला.

७ जानेवारी, सकाळी ११
थंडी. शिवाय व्यायाम म्हणजे पूर्वजांवर अविश्वास.

१० जानेवारी
'येतो' सांगायला ईशाच्या घरी, चिक्कडपल्लीला निघालो. वाटेत काचीगुडा स्टेशनात कर्नूलची गाडी उभी दिसली. कर्नूल बघितलं नव्हतं.

१२ जानेवारी, रविवार
परतलो. ईशाकडेच जात होतो, पण मलकपेठला रेस होती. शेजारचे चाचा म्हणाले, मियाँ, इस घोडे का खानदान देखो, बाप जीता, दादा जीता. खानदानी माणूस मी, लगेच पटलं. घोडा शेवटून पहिला. चाचा म्हणाले, खानदान अच्छाच है, दौडने का शौक नक्को उसकू. घोड्याबद्दलच बोलत असावेत.
मोबाइलची बॅटरी संपली. ईशाला उद्या सांगू.

१३ जानेवारी, दुपारी
रंजनाआत्या आली. पुरावा दाखवला. पोट धरून हसली. म्हणाली, अरे येड्या, ही दोन माणसं आहेत! पणजोबा त्रेचाळीस साली गेले. पुढच्या वर्षी नातू झाला, त्याला आजोबांचंच नाव ठेवलं. त्याचा बापही गोविंद, पणजोबांचा बापही गोविंद. तुझा भाऊकाका रे तो!
म्हणजे एक गेले एक्कावन्नाव्या वर्षी, दुसरे बावन्नाव्या. बेरीज एकशे तीन. मधलं एक वर्ष कुणीच जगलं नाही.
माझं निम्मं संपलं. रिक्षा!

संध्याकाळी ७
गाडी गेली होती. ईशाचा मेसेज: तू सत्तर वर्षं मागत होतास. मी फक्त रविवार मागितला होता.

१४ जानेवारी
तिला सगळं खरं लिहिलं. माझ्याकडे पंचवीसच वर्षं उरलीत, उत्तर 'हो'.
तिचं उत्तर: अजून पंचवीस? बाप रे. आत्याला नमस्कार सांग.
रागावली नाही, चांगलं लक्षण. उद्या स्वतः जातो. आत्याने तिकीट काढून दिलं. दारात म्हणाली, मन छोटं करू नको रे, तुझ्या आईच्या माहेरी सगळे नव्वदी पार केलेले.

१५ जानेवारी
पुण्याच्या गाडीत खिडकी मिळाली. मामा सोलापूरला असतो. त्याच्याकडे जुने कागद असणार.
सोलापूरला उतरलो.