एल्व्हिओची मिनिटं

प्रिय एल्व्हिओ,

माझं अक्षर ओळखलंस का? नसशील ओळखलंस, तर थेट खाली जाऊन सही बघ, आणि मग पुन्हा वर ये. मधूनच फाडू नकोस, एवढंच मागणं आहे.

तुझी ओर्नेला इथे राहायला आली आहे, हे तुला ठाऊक आहेच. सप्टेंबरच्या सायकल शर्यतीत तिने नाव घातलंय, हे मात्र तिने तुला सांगितलं नसावं. आणि कोणाला किती मिनिटं आधी सोडायचं ते ठरवायला अजून मीच आहे. बाबांनी सोडल्यावर हे हँडिकॅपरचं काम कुणी घेईना, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. येत्या शुक्रवारी तुझ्या मुलीच्या नावापुढे मला आकडा लिहायचाय. पण तुझं काहीतरी माझ्याकडे त्रेचाळीस वर्षं अडकून पडलंय. ते परत दिल्याशिवाय माझा हात चालणार नाही.

रस्ता तोच आहे. गावच्या हॉलपासून हॅपी व्हॅलीच्या चढउतारांवरून किएवाच्या खोऱ्यात उतरायचं, नदी डाव्या हाताला ठेवून डोंगराकडे जायचं, मग टवाँगाची खिंड चढून ओव्हन्स नदीच्या काठाने घरी. तुमच्या तंबाखूच्या शेतांत आता बिअरला लागणाऱ्या हॉप्सचे वेल आहेत. तंबाखू वाळवायच्या कोठ्या मोडक्या पत्र्यानिशी तशाच उभ्या आहेत, आणि शहरातली माणसं गाड्या थांबवून त्यांचे फोटो काढतात. तुझी आई असती तर म्हणाली असती, आत येऊन एक दिवस पानं ओवा म्हणावं, मग काढा फोटो! मॅगपाय पक्षी अजून अंगावर येतात. तुझ्या कानाचा तुकडा ज्याने नेला, त्याची नातवंडं असावीत. हल्ली पोरं हेल्मेटवर प्लॅस्टिकच्या दांड्या उभ्या करून जातात, साळिंदरासारखी दिसतात. पक्षी तरीही येतातच.

तुला आठवतं, आपण रविवारी खिंडीत जायचो? तू पुढे, मी बाबांच्या जुन्या जड सायकलवर मागे. चढ आला की तू मुद्दाम हळू व्हायचास आणि म्हणायचास, "अगं नोला, चेन बिघडली वाटतं, थांब जरा." तुझी चेन कधीच बिघडलेली नसायची. माथ्यावर बसून आपण तुझ्या आईच्या सलामी सॉसेजचे काप आणि माझ्या आईचे लॅमिंग्टन केक खायचो. सगळ्या बोटांना नारळाचा कीस चिकटायचा. समोर बोगाँगच्या शिखरावर बर्फ. तू इटलीतल्या तुझ्या वडिलांच्या गावचे घाट सांगत बसायचास, जे तू स्वतः कधी पाहिलेही नव्हते. मी ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हा जाणार. मी तुला कधी सांगितलं नाही, तर आज सांगते: माझं तुझ्यावर प्रेम होतं. वेड्यासारखं होतं.

मग एक्क्याऐंशीची शर्यत आली. तुमच्या इटालियन क्लबाने जाहीर केलं की जिंकेल त्याला इटलीत, व्हेनेतोत, एका संघाबरोबर पूर्ण हंगाम मिळेल, जाण्यायेण्याची सोय त्यांची. तुझ्या घरी तर तू जिंकल्यासारखीच मक्याच्या पोलेंटाची पातेली चढली होती. गावात दुसरं बोलणंच नव्हतं.

बाबांचा हिशेब तुला माहीत होता. कमजोर माणूस आधी सुटणार, तगडा शेवटी, आणि कोणाला किती मिनिटांची आघाडी ते बाबा ठरवणार. ते म्हणायचे, "माझं काम नीट झालं असेल तर शेवटच्या वळणावर म्हातारा आणि तरणा एकत्र दिसले पाहिजेत. नाहीतर मला हाकलून द्या." त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ते नाव घ्यायचे, डोळे मिटून थोडा वेळ ओठ हलवायचे, मग आकडा बोलायचे आणि मी लिहायचे. तुझ्या नावाला त्यांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "आठ. पोरगं चांगलं आहे, पण आठ द्यायलाच हवीत."

मी सहा लिहिली.

विचार करून लिहिली, एल्व्हिओ. हात चुकला असं मी तुला सांगणार नाही. शर्यतीच्या सकाळी फळ्यावर खडूने तेच उतरवलं आणि तू ते वाचून हसलास. म्हणालास, "तुझ्या बापाने मला फारच मोठा करून ठेवलाय की गं!" मिनिटांवरून हँडिकॅपरशी वाद घालायचा नाही, ही आपल्याकडची रीत. घालणाऱ्याला लोक रडका म्हणतात. त्या रीतीच्या आड मी लपले. बाबा शेवटच्या रेषेवर खुर्ची टाकून बसलेले, त्यांना फळा दिसणार नव्हता.

बेकरीवाला डेस जिंकला. अठ्ठावीस मिनिटांची आघाडी आणि ते पोट! रेषेवर येऊन तो तिथेच गवतात आडवा झाला. तू पन्नास सेकंदांनी आलास, एकटाच, तोंडाला फेस आलेला. तू म्हणालास, "खिंडीत पाय संपले." त्यानंतर ते वाक्य तू सगळ्यांना सांगत फिरलास, जणू तुझाच गुन्हा होता. आणि घरी बाबा म्हणाले, "आठ देऊनही मागे राहिला. माझाच अंदाज चुकला, माझ्याने आता होत नाही." पुढच्या वर्षी त्यांनी काम सोडलं. तुम्ही दोघं भल्या माणसांसारखे स्वतःला दोष देत राहिलात, आणि मी दोघांना चहा ओतून देत होते.

तू राहशील असं मला वाटलं होतं. राहिलासही, एक वर्ष. सायकल विकून टाकलीस, माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघायला लागलास, आणि मग क्वीन्सलँडला निघून गेलास. ज्याच्यासाठी केलं तेही हाती लागलं नाही. माझी चांगलीच खोड मोडली, असं म्हणून तू हसलास तरी चालेल. मी लग्न केलं नाही याचं खापर तुझ्यावर फोडत नाही. मला कुणी पसंतच पडला नाही, तुला माहीत आहे मी किती नाकं मुरडते ते.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. गेल्या रविवारी ओर्नेला सरावाहून परतली आणि हॉलमध्ये चहाला माझ्याशेजारी बसली. खिंडीत तिला चढताना मी पाहिलं होतं, अगदी तुझ्यासारखी चढते. तिने विचारलं, "तुम्ही माझ्या बाबांना ओळखायचात ना? ते म्हणतात आम्हा झानिनांच्या पायांत दमच नाही, फार आशा धरू नकोस. ते खरंच इतके वाईट होते का?" मी किटली उचलली, पाणी आणते म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. पासष्ट वर्षांची बाई, भांडी घासायच्या टबाशी! ती शुक्रवारी पुन्हा येणार आहे आणि पुन्हा विचारणार आहे. या वेळी मी खरंच सांगणार, मग या गावात मला तोंड दाखवायला जागा राहो वा न राहो. पण ते माझ्या तोंडून तिला पहिल्यांदा कळू नये. पत्राबरोबर तिचा नंबर दिलाय. माझ्यावर हवा तेवढा राग धर, त्याला मुदत नाही. फक्त शुक्रवारच्या आत तिला फोन कर आणि सांग की तू ती शर्यत जिंकण्याइतका चांगला होतास.

'तुझीच' लिहायचा हक्क स्वतःच्या हाताने घालवलेली,
नोला