नववी लाट

वेलिंग्टन, ३ सप्टेंबर २०२३

ती. झोर्काआत्या हिस दानित्साचा सा. न. वि. वि.

सोबतचं खोकं जपून उघड. आत वहीएवढी पेटी आहे, ती शेडमधल्या स्पेसीजच्या, त्या नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या, जुन्या कपाटात बसव. पडदा, दांडी आणि लाल बटण तिला जोडलंस की आपलं 'कॉमेट हार्बर' चाळीस वर्षांनी पुन्हा चालू होईल. दोन वर्षं खपले आहे मी त्यासाठी.

बाबांना वाटतं हा नुसता प्रोग्रॅम आहे. तसं नाही गं. पेटीतली चिप मुळात कोरी असते. तिच्या आत मूळ मशीनचं सर्किट नव्याने मांडायचं, नकाशाबरहुकूम, जोड न जोड. नकाशे आणि खेळ ब्रिस्बेनच्या एका संग्राहकाने दिले.

चौदा ऑक्टोबरला आपल्या मासे-चिप्सच्या दुकानाची साठी, म्हणून हा माझा आहेर. बाबांनी त्यातही बिब्बा घातलाच. तळणीच्या वर भिंतीवर आजोबांनी रंगवलेली ओळ आहे ना, 'झोर्का ९८,४००, सप्टेंबर १९८३'? बाबा म्हणतात, खेळातली नववी लाट पार केल्याशिवाय हा आकडा होत नाही, आणि नववी कुणाच्या बापाला पार झालेली नाही. साठीसाठी भिंत रंगवताच आहात, तर ती थापही पुसून टाका. मी म्हटलं, आता मशीनच काय ते सांगेल.

लोभ आहेच, पार्सलाची पोचही असावी.

तुझी,
दानित्सा

कायटाया, ११ सप्टेंबर

चि. दानित्सा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पेटी बसवली. सुरुवातीची ती टुणटुण ऐकली आणि हातातला बटाटा तसाच राहिला. बाहेर गिऱ्हाईक ताटकळलं होतं, त्यालाही आत बोलावलं. बंदरावर धूमकेतू कोसळायला लागले तशी बोटं आपसूक चालली. पोरी, तू काय केलं आहेस ते तुला कळतंय का? माझं चौदावं वर्ष परत दिलंस.

पण नवव्या लाटेत बुडाले. अकरा वेळा बसले, अकराही वेळा तिथेच. हात बसला नाही म्हणावं, तर आठवी लाट मी डोळे मिटून पार करते आहे.

मशीन बंद केलं की आकडा पुसला जायचा. तो पाहिला फक्त आमच्या वडिलांनी, आणि त्यांनीच ब्रश घेतला. ते आता नाहीत. तुझा बाप प्रत्येक नाताळात, प्रत्येक लग्नात मला 'खोटारडी' म्हणत आला आणि मी हसण्यावारी नेलं, कारण मला ठाऊक होतं. आता माझाच माझ्यावरचा भरवसा डळमळतो आहे, आणि ते फार लागतं. चौदा तारखेपर्यंत जमलं नाही तर ती ओळ मीच पुसणार. त्याच्या हातून पुसून घेणार नाही.

एकच गोष्ट खटकते. त्या सप्टेंबरात धूमकेतू जरा दमाने यायचे. तुझ्या पेटीतल्यांना फार घाई आहे. मशीनचा मूळ सर्किट-बोर्ड तळणीच्या चरबीच्या रिकाम्या डब्यात सापडला, तो मासे बांधायच्या कागदात गुंडाळून पाठवते. वास येईल, सोसून घे.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

आत्या

वेलिंग्टन, २४ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

ओळ पुसू नकोस. आधी हे वाच.

बोर्डावर एक क्रिस्टल असतो, तो मशीनला ठोका देतो. नकाशात सेकंदाला पन्नास लाख ठोके आहेत. तुमच्या बोर्डावरचा क्रिस्टल देतो चव्वेचाळीस लाख. हा त्या मशीनचा नाहीच. आपल्याकडच्या रंगीत टीव्हीत असतो तो. कुणीतरी नंतर बसवला आहे, कथलाचे वाटाण्याएवढे डाग लावून. एवढा गबाळा डाग घालणारा माणूस मला एकच माहीत आहे.

बाबांपुढे बोर्ड ठेवला. ते उठले आणि भर पावसात टोमॅटोला पाणी घालायला गेले. परत येऊन कबूल झाले. त्र्याऐंशीच्या ऑगस्टच्या सुट्टीत त्यांच्या हातून बोर्ड पडला आणि क्रिस्टल तडकला. तेव्हा परदेशातून सुटा भाग मागवायचा म्हणजे परवाना काढा आणि महिनोन्‌महिने वाट बघा. आजोबांना कळू नये म्हणून त्यांनी शेजाऱ्यांच्या मोडक्या टीव्हीतला काढून लावला. मशीन चालू झालं, आणि सोमवारी ते इकडे रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला निघून आले. नाताळात परतले तोवर ते कायमचं बंद पडलं होतं. मंदावलेलं मशीन ते कधी खेळलेच नाहीत.

चूक माझीही आहे. मी कागदावरचं मशीन घडवलं, आपल्या दुकानातलं नाही. सोबतचं मेमरी कार्ड पेटीत घाल, आता ठोका चव्वेचाळीस लाखांचाच पडेल. बाबा मात्र म्हणतात, समोर खेळून दाखव, मग बोलू.

आशीर्वाद असू दे, आज मला नाही, तुझ्या बोटांना.

दानित्सा

वेलिंग्टन, २२ ऑक्टोबर

प्रिय झोर्का हिस तुझ्या भावाचे, फ्रानेचे, सप्रेम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेला स्नॅपर मासा आणि रताळ्याचे चिप्स हॅमिल्टनच्या अलीकडेच संपले.

साठीच्या दिवशी चाळीस माणसांपुढे बोलायचं राहिलं, म्हणून लिहितो. तू ॲप्रनला हात पुसलेस, नाकावर चष्मा चढवलास आणि बसलीस. आठवी लाट संपली तेव्हा मी देवाला सांगत होतो की ही हरू दे. लपवण्यात अर्थ नाही. मग नववी सुरू झाली, धूमकेतू क्षणभर रेंगाळत खाली यायला लागले, आणि तू त्या रेंगाळण्यात बरोबर गोळी घालत होतीस. नववी संपली, दहावी आली, आणि तू मागे वळून मला विचारलंस की चिप्सवर मीठ टाकलं का. तेव्हा मला रडू आलं. दानित्साने पाहिलं. तू पाहिलं नसशील तर बरं.

पोरीने मलाही तसलीच पेटी दिली आहे, त्याच मंद ठोक्याची. आठवडाभर बसतो आहे. आठवीच्या पुढे जात नाही.

तेव्हा चाळीस वर्षांचं 'खोटारडी' मागे घेतो. मशीन मीच मंद केलं, वडिलांपासून लपवलं, आणि तुला खोटं ठरवत हिंडलो. त्याची लाज वाटते. तू मात्र मला शिक्षा म्हणून ब्रश हातात दिलास आणि तुझ्या ओळीखाली 'दुरुस्ती : फ्राने' लिहायला लावलंस, वर म्हणालीस की अक्षरही त्या डागांसारखंच गबाळं आलं आहे.

त्याच्या खाली वीतभर जागा कोरी ठेव. नववी पार झाली की मी येतो. दानित्साला साक्षीला आणतो, कारण माझ्या नुसत्या शब्दावर आता कुणी विश्वास ठेवणार नाही.

जसं चाळीस वर्षं सोसलंस तशीच माया ठेव.

तुझा,
फ्राने