तुमच्या खिशातला कागद

आबा,

मी आतल्या खोलीतच आहे. हे तोंडी सांगावं म्हणून सकाळपासून तीनदा कडीला हात लावला, पण बाहेर येऊन बोलणं जमलं नाही. म्हणून तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा ही चिठ्ठी तुमच्या जेवणाच्या डब्याखाली ठेवली.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी मला विचारलं, "झोप लागते का?" मी तोंड उघडेपर्यंत तुम्हीच म्हणालात, "लागतीया की साहेब, दहा वाजलं तरी उठत न्हाय." तुम्ही खोटं बोलला नाहीत. मी नुसता पडून असतो, झोपलेला नसतो, हे तुम्हाला कसं कळावं? पण त्यांनी गोळी कमी केली, आणि तेव्हापासून चार-चार दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नाही.

त्या दिवशी डॉक्टरांना सांगायचं सगळं लिहिलेला कागद माझ्या मुठीतच होता. घामाने भिजून तो तसाच घरी परत आला. आता पुन्हा लिहिला आहे. या चिठ्ठीसोबत आहे. तो तुमच्या खिशात ठेवा आणि आज संध्याकाळी दवाखान्यात आत गेल्याबरोबर डॉक्टरांना द्या. मी मानेने नको म्हणालो, तरी द्या. तुम्ही वाचलात तरी चालेल, फक्त माझ्यासमोर नको.

कामावरून आल्यावर मला हाक मारू नका. हाकेला ओ देता आली नाही, तर मी बाहेरच येणार नाही. दारात नुसती लुना चालू करा. आवाज ऐकून मी मागे येऊन बसेन.

संघर्ष